देव पाण्यात ठेवले की पेशंट बरा होतो का?

काकांची बायपास होती त्याच्या आदल्या रात्री फॅमिली ग्रुपवर आत्याचा मेसेज आला, उद्या सकाळी ७ ला सगळ्यांनी जिथे असाल तिथे अथर्वशीर्ष म्हणायचं, अमेरिकेतल्यांनी पण, टाइम तुमचा तुम्ही बघा. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. दुसऱ्या दिवशी काकू आयसीयूबाहेरच्या स्टीलच्या खुर्चीवर पर्समध्ये हात घालून आतल्या आत माळ ओढत बसलेली, कारण बाहेर काढली तर लोक बघतात म्हणे. पुण्यात हे पण असतंच.

आणि माझं डोकं नको तिथे चालतं, मला तिथे बसून आठवलं की अगदी हाच प्रयोग अमेरिकेत होऊन गेलाय, तोही बायपासच्याच पेशंट्सवर. हर्बर्ट बेन्सन नावाचे डॉक्टर, २००६ साली रिझल्ट छापून आला, ६ हॉस्पिटलं, १८०२ पेशंट. तीन गट केले. पहिल्या दोघांना सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही, नक्की सांगत नाही, आणि प्रत्यक्षात फक्त एकासाठी झाली. तिसऱ्या गटाला सरळ सांगितलं, तुमच्यासाठी होणार म्हणजे होणार. प्रार्थना करणारे अनोळखी, चर्चमधले, त्यांच्याकडे पेशंटचं नाव आणि आडनावाचं पहिलं अक्षर एवढंच, १४ दिवस रोज.

पहिल्या दोन गटांत ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली त्यातल्या ५२ टक्क्यांना महिन्याभरात काहीतरी कॉम्प्लिकेशन झालं, झाली नाही त्यातल्या ५१ टक्क्यांना. म्हणजे फरक काही नाही. आता यात एक गोची आहे, घरचे लोक तर सगळ्यांसाठीच देवाला साकडं घालत असणार, त्यांना कोण थांबवणार? त्यामुळे अनोळखी लोकांच्या जास्तीच्या प्रार्थनेने फरक पडला नाही, एवढंच यातून म्हणता येतं. तिसऱ्या गटाचं नंतर सांगतो.

पण मग प्रत्येकाच्या घरात नवसाला पावल्याची एक तरी गोष्ट कशी असते? आमच्याकडे पानशेतची आहे. १२ जुलै १९६१, धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, देव पाण्यात ठेवायची वेळच आली नाही, पाणीच देवघरापर्यंत आलं. आजी नारायण पेठेत, वरच्या मजल्यावर, शेवटपर्यंत म्हणायची गजाननानेच राखलं. शेजारचा वाडा बसला. आता त्या घरात काय गणपती नव्हता? होताच की, पण भिंती मातीच्या, भिजल्या आणि विरघळल्या, आमच्या भाजक्या विटांच्या. पण विटांची गोष्ट कोण सांगणार, आणि शेजारच्यांची सांगायला कोणी आमच्या घरी येत नाही. ग्रीसमध्ये दियागोरस म्हणून एक नास्तिक होता त्याची अशीच कथा सांगतात, त्याला देवळातली चित्रं दाखवली, वादळात नवस बोलून वाचलेल्या खलाशांची, तर तो म्हणाला बुडाले त्यांची चित्रं कुठायत? दोन हजार वर्षांहून जुना प्रश्न आहे, आणि आज सर्व्हायवरशिप बायस म्हणून स्टॅटिस्टिक्समध्ये हेच शिकवतात.

मात्र काकूच्या माळेचं वेगळं आहे हां. मी तिच्याकडे बघत होतो, एका श्वासात ठराविक मणी, मग छोटा पॉज, मग परत, आणि सकाळी थरथरणारे तिचे हात दहाच्या सुमारास शांत झाले होते. इटलीतल्या डॉक्टरांनी २००१ मध्ये २३ निरोगी लोकांवर हे मोजलंय, लॅटिनमधली जपमाळ आणि ओम मणि पद्मे हुम् म्हणायला लावलं, दोन्हीत श्वास मिनिटाला साधारण ६ वर आला. एरवी आपण १२ ते १६ घेतो. श्वास असा संथ झाला की ब्लडप्रेशर सांभाळणारी शरीराची सिस्टिम जास्त चांगली चालते. म्हणजे जप लागू पडतो तो खुर्चीवर बसलेल्या माणसाला, आत टेबलावर झोपलेल्याला नाही. आयसीयूबाहेर ते पण काही कमी नसतं.

तर तो तिसरा गट. तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार असं सांगितलेल्यांत कॉम्प्लिकेशन ५९ टक्के, म्हणजे सगळ्यात जास्त. योगायोग असू शकतो, पण अभ्यास करणाऱ्यांपैकीच काहींनी शंका काढली की पेशंट धसकत असेल, आपण एवढे आजारी आहोत का की खास माणसं बसवावी लागतायत? मी म्हटलं काहीतरीच काय. मग चौथ्या दिवशी काका वॉर्डमध्ये आले, कोणीतरी हौसेने फोन हातात दिला, त्यांनी चष्मा लावून ग्रुप वरपासून खालपर्यंत वाचला आणि माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "काय रे, डॉक्टर काही वेगळं बोलले होते का?"