त्रिकोण उलटला तरी त्रिकोण, तीन उलटला की सहा

परभणीहून बहिणीचा फोन आला, तो तक्रारीनंच. "दादा, हे लेकरू सगळं उलटं लिहायलंय. छत्तीस लिही म्हणलं की त्रेसष्ट लिहितंय." भाचा सहा वर्षांचा, नुकताच पहिलीत गेलेला. तिच्या सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या होत्या. शेजारणीनं एक पत्रक आणून दिलं होतं. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारा, लेकरांचा 'मध्यमेंदू जागा करणारा' क्लास. फी ऐकल्यावर बहिणीला भाऊ आठवला.

त्या मध्यमेंदूचं आधी उरकतो. डोळे हलवणं, आवाजाच्या दिशेनं मान वळवणं, आपल्याला जागं ठेवणं, या सगळ्यात त्याचा हात असतो. तो खरंच झोपला असता तर लेकरू शुद्धीवर राहिलं नसतं, उलटं लिहिणं तर दूरच. आणि पट्टी बांधून वाचणाऱ्या मुलाच्या नाकाशेजारी फट असते. ती नीट बुजवली की चमत्कार तिथंच संपतो.

शनिवारी मी परभणीला गेलो. भाच्यानं पाटीवर ठसठशीत ६३ काढून दाखवलं.

दोघांचं पटेनासं झालं की आपण त्यांचा छत्तीसचा आकडा आहे म्हणतो, कारण ३ आणि ६ एकमेकांकडं पाठ करून बसलेत. शेपटीचं थोडं इकडंतिकडं सोडलं तर ३ ची आरशातली छबी म्हणजेच ६. त्यामुळं गंमत अशी होते, की पाटीवर ३६ लिहून आरशासमोर धरलं तर आरशातही ३६च दिसतं. म्हणजे लेकरानं अख्खी संख्या आरशासारखी उलटवली असती तर उत्तर बरोबर आलं असतं आणि कुणाला पत्ताही लागला नसता! ६३ यायला वेगळंच काहीतरी व्हावं लागतं, आणि त्याचे संशयित दोन.

पहिला संशयित म्हणजे आकड्यांच्या जागा बरोबर, पण एकेक आकडा जागच्या जागी उलटला. दुसरा संशयित आपली भाषा. 'छत्तीस' म्हणताना आपण आधी सहा म्हणतो आणि मग तीस. कानावर पडलं त्याच क्रमानं लिहिलं तर ६ आधी येणारच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणितज्ञ मंगला नारळीकरांनी त्यामागचं कारण समजावून सांगितलं, पण चेष्टाच जास्त झाली. मला तेव्हाही ती कल्पना पटली होती, आणि पाटी बघून माझा संशय या दुसऱ्यावरच होता.

दोघांत निवाडा करायला एक संख्या पुरते. चौतीस. आपला ४ डावीउजवीकडून सारखाच, फितीची गाठ मारल्यासारखा. त्याला उलटवलं तरी तो ४च. म्हणजे क्रम चुकत असेल तर लेकरू ४३ लिहील, आकडा उलटत असेल तर ६४. भाच्यानं जीभ दाताखाली धरली, पेन्सिल दाबली आणि लिहिलं ६४. माझा अंदाज साफ चुकला. शेजारच्या मुलीनं, तीही पहिलीतलीच, ४३ लिहिलं. वरवर चूक एकच, पण कारणं दोन.

आता आकडा मुळात उलटतो कशामुळं? उत्तरासाठी शेतावर जावं लागेल. सकाळी बांधावरून उगवतीकडं चाललेला बैल संध्याकाळी मावळतीकडं तोंड करून परततो. डोळ्यातल्या पडद्यावर सकाळचं आणि संध्याकाळचं चित्र एकमेकांच्या आरशातल्या छबीसारखं पडतं. पण बैल तोच. वाघाचंही तसंच, डावीकडून आला काय आणि उजवीकडून आला काय. प्रत्येक वेळी 'हे काहीतरी नवीनच दिसतंय' म्हणून विचार करत बसणारं जनावर जगलं नसतं. म्हणून लाखो वर्षांत डोळस प्राण्यांच्या मेंदूत एक सवय मुरली: डावं-उजवं बदललं तरी वस्तू तीच. वर-खालीचं मात्र तसं नाही. पाय वर करून पडलेला बैल दिसला तर धावतच जावं लागतं.

ही सवय किती खोल आहे बघा. १९५७ साली सदरलँड या शास्त्रज्ञानं ऑक्टोपसवर प्रयोग केले. उभी पट्टी आणि आडवी पट्टी यांतला फरक ऑक्टोपस सहज शिकले, पण डावीकडं कललेली आणि उजवीकडं कललेली पट्टी त्यांना वेगळी ओळखता येईना. २००० साली रोलेनहॅगन आणि ओल्सन यांनी माकडांच्या मेंदूतल्या, वस्तू ओळखणाऱ्या भागातल्या एकेका पेशीचे संकेत टिपले. चित्र डावं-उजवं उलटवलं तर पेशींचा प्रतिसाद बराचसा सारखा, वर-खाली उलटवलं तर जास्त वेगळा.

लिपीचं वय जेमतेम पाच हजार वर्षं. एवढ्यात मेंदूत वाचनासाठी वेगळा अवयव उगवत नसतो. स्तानिस्लास दहान हे फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ म्हणतात, की मेंदू जुनाच भाग नव्या कामाला लावतो. जुन्या लुगड्याची वाकळ शिवावी तसं. डाव्या अर्धगोलाच्या मागच्या-खालच्या अंगाला, वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या भागांच्या शेजारी, एक पट्टा अक्षरं ओळखायला लागतो. पण वाकळीत लुगड्याची नक्षी दिसत राहते, तशी 'डावं-उजवं सारखंच' ही जुनी सवय तिथं शिल्लक असते. अक्षरांपुरती ती मोडावी लागते. वाचायला शिकणं म्हणजे थोडंसं विसरायला शिकणं. वाचता येणाऱ्या मोठ्या माणसांत हा पट्टा उलटं अक्षर आणि सुलटं अक्षर वेगळं धरतो, चित्रांच्या बाबतीत मात्र जुनीच सवय चालू ठेवतो, असं २०११ मध्ये दिसून आलं.

ही सवय मोडायला लिपीनं तशी गरज निर्माण करावी लागते. डॅन्झिगर आणि पेडरसन यांनी १९९८ मध्ये मांडलेलं निरीक्षण फार बोलकं आहे. तमिळ लिपीत एकमेकांच्या आरशातल्या छबीसारखी अक्षरं नाहीत. फक्त तमिळ वाचणारी माणसं उलट-सुलट चित्रांना निरक्षर माणसांसारखंच 'एकच' म्हणत. आपल्याकडं मात्र वेलांट्या बघा. पहिलीची काठी अक्षराच्या डाव्या हाताला, दुसरीची उजव्या. तेवढ्यावर 'दिन' आणि 'दीन'. उकारांचीही जवळपास तीच गत. तेव्हा सहा वर्षांच्या लेकरानं अजून विसरायचं बाकी ठेवलं असेल तर घाबरायचं कारण नाही. बहुतेक मुलांचं सात-आठ वर्षांपर्यंत आपोआप सुटतं. त्यानंतरही उलटेपणा टिकला आणि वाचनही अडखळत असेल तर तज्ज्ञाला दाखवावं. मोहऱ्या फोडणीसाठी ठेवाव्यात.

खरी पंचाईत पुढंच आहे. त्याच वयात आपण आकारही शिकवतो, आणि तिथला नियम बरोबर उलटा. मी जुन्या लग्नपत्रिकेचा चौरस कापला आणि भाच्याला विचारलं, "हे काय?" "चौकोन." तोच तुकडा कोपऱ्यावर उभा धरला. "शंकरपाळी!" एर्न्स्ट माख या शास्त्रज्ञानंही एकोणिसाव्या शतकात हेच नोंदवलं होतं, की कोपऱ्यावर उभा केला की चौरस वेगळाच आकार वाटतो. शंकरपाळी त्याच्या नशिबी नव्हती एवढंच. शाळेच्या भिंतीवरचा त्रिकोण वर्षानुवर्षं मांडी घालून, शेंडी वर करून बसलेला. म्हणून शेंडी खाली केलेला त्रिकोण पुष्कळ मुलांना त्रिकोण वाटतच नाही. सकाळी बाई सांगतात, कसाही फिरवला तरी त्रिकोणच. दुपारी त्याच बाई सांगतात, ३ फिरवलास तर चुकलं. लेकरानं करावं काय?

त्यानं दोन्ही गोष्टी हातानं कराव्यात. आकार तक्त्यावरून उतरवून हातात द्यावेत, कलते करावेत, पालथे करावेत. अक्षरं गिरवून घ्यावीत. डोळ्याला डावं-उजवं सारखं वाटलं तरी हाताला वाटत नाही, कारण ३ काढताना बोट ज्या दिशेला वळतं त्याच्या विरुद्ध दिशेला ६ काढताना वळतं. धुळाक्षरं गिरवून घेणाऱ्या जुन्या मास्तरांना मेंदूतला पट्टा माहीत नव्हता, पण उपाय ठाऊक होता.

आमच्या भागात महालक्ष्म्यांच्या वेळी घरात मुठीनं पावलं उठवतात. डाव्या मुठीनं उठतं ते पाऊल उजव्या मुठीनं उठत नाही. पावलाचा पुठ्ठा कापून जमिनीवर कितीही गरगर फिरवा, डाव्याचं उजवं होणार नाही; उचलून पालथं घातलं की लगेच होतं. म्हणजे सपाट आकृतीला आरशातली छबी व्हायला तिसऱ्या मितीतून जावं लागतं. मग डाव्या पायाची खरीखुरी चप्पल उजव्या पायाची करायची तर? चौथी मिती लागेल. मोबियस या जर्मन गणितज्ञानं हे १८२७ सालीच ओळखलं होतं. मी ते बहिणीला समजावून सांगायला लागलो तेव्हा ती चहा टाकायला उठून गेली.

तोवर भाचा उलट्या चपला घालून अंगणात गेला होता. त्याची आजी ओसरीवरून ओरडली, "अरे, मावळतीकडं सरक, गाडी यायली." तो बरोबर सरकला. 'डावीकडं सरक' म्हटलं असतं तर दोन पावलं थबकून हाताकडं बघितलं असतं. समोरच्या माणसाचा डावा हात कोणता हे कळायला तर बालमानसशास्त्रज्ञ पियाजेच्या निरीक्षणानुसार आठवं वर्ष उजाडतं. तिथल्या अंगणवाडीच्या ताई मुलांसमोर उभ्या राहून "उजवा हात वर" म्हणताना स्वतःचा डावा वर करतात. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

निघताना मी भाच्याला पाटीवर ३६ काढून दाखवलं आणि म्हणालो, "हे दोघं भांडलेत, म्हणून पाठ करून बसलेत." त्यानं बराच वेळ बघितलं. मग त्यांना एकमेकांकडं वळवायला पाटीच गर्रकन उलटी फिरवली. शेपट्या वर गेल्या, पाठी तशाच. मग सगळं हातानं पुसून त्यानं ४४ काढलं.

"मामा, हे नाही भांडत. यांना पाठच नाही."