वाड्यातलं 'वारं'

पेवाच्या तोंडावरची फरशी दोघांनी पहार घालून सरकवली आणि मी आत डोकावायला गुडघ्यांवर बसलो. तात्यांनी माझा दंड धरून मागं ओढलं. "वाकू नगा. ओढून घेतंय ते."

सांगली जिल्ह्यातला, कृष्णाकाठचा हा चौसोपी वाडा. मालक परगावी, राखणीला तात्या. दिवेलागणीनंतर इथल्या बोळातून कुणी जात नाही. गावाच्या लेखी वाड्यात तीन जागा वाईट: माळा, बाळंतिणीची खोली आणि चौकातलं हे पेव.

माळ्याचा निकाल लवकर लागला. रात्री तिथं कुणीतरी चालतं म्हणे. कौलांखाली, तुळईच्या कडेला फळांच्या बिया असलेली विष्ठा पडली होती. उदमांजराची. दिवसा झोपायचं आणि रात्री तुळयांवरून फिरायचं, हा त्याचा नेमच. शिवाय दिवसभर तापलेलं लाकूड रात्री निवताना आखडतं आणि सांध्यात कडकन वाजतं.

बाळंतिणीच्या खोलीत मात्र मी बराच वेळ थांबलो. वाकून शिरावं लागतं एवढं ठेंगणं दार, खिडकी नाही, भिंतीत एक देवळी आणि तिच्या वर काजळीचा काळा पट्टा. वारा लागू नये म्हणून ओल्या बाळंतिणीला इथं दार लावून ठेवायचे आणि शेकायला बाजेखाली कोळशाची शेगडी असायची. इथं गेलेली एक बाई हडळ झाली आणि पुढच्या बाळंतिणींनाही दिसू लागली, अशी गोष्ट आहे. जुन्या काळी बाळंतपणात बायका जायच्या त्या मुख्यतः रक्तस्रावानं आणि जंतुसंसर्गानं. पण कोंडलेल्या खोलीतली शेगडी आणखी एक काम करते. कोळसा अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. मग डोकं ठणकतं, छातीवर दाब येतो, भान सुटत जातं आणि काहींना नसलेलं दिसू-ऐकू लागतं. 1921 साली अमेरिकेतल्या नेत्रवैद्यकाच्या एका नियतकालिकात अशाच एका कुटुंबाची हकिकत छापून आली. घरात पावलं वाजत, अनोळखी माणसं दिसत. घर गरम ठेवणारी भट्टी बिघडली होती आणि तिचा धूर बाहेर जाण्याऐवजी खोल्यांमध्ये येत होता. ती दुरुस्त झाल्यावर भुतं गेली.

आपली भाषा बाधेला 'बाहेरचं वारं' म्हणते. या खोलीत वारं बाहेरचं नव्हतं, आतलंच होतं.

आता पेव. तात्यांची भीती मला अजिबात खोटी वाटत नाही. पेव म्हणजे जमिनीतलं कोठार: तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मोठं. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाशी, हळद अशाच पेवांत साठवायचे. 'पेव फुटलं' हा शब्दप्रयोग आज अफवांपासून क्लासेसपर्यंत कशालाही वापरतो, पण त्यातलं पेव आपण विसरलो. शाळू असो की हळद, पेव भरलं, तोंड चिखलानं लिंपलं की आतली कीड, बुरशी आणि खुद्द धान्य श्वास घेत राहतं. प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साठतो. कीड गुदमरून मरते आणि माल टिकतो. औषध न वापरता धान्य राखण्याची ही रीत शोधणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

जी हवा किडीला मारते, तीच माणसालाही. साध्या हवेत प्राणवायू सुमारे 21 टक्के असतो. तो 6 टक्क्यांखाली गेला तर मिनिटभरातच शुद्ध हरपते, ओरडायलाही वेळ मिळत नाही. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड. अरुंद तोंडाच्या खड्ड्यात वारा फिरत नाही, त्यामुळे तो तळाशी तसाच राहतो. माल काढून नेला, तरी कुजणारा पाला आणि ओली माती तेच काम चालू ठेवतात.

आम्ही दोराला कंदील बांधून आत सोडला. ज्योत आधी पिवळी आणि बुटकी झाली, मग वातीला चिकटली. वारा लागल्यासारखी फडफडली नाही. नुसती संपली. वर ओढला तेव्हा काच गरम होती, रॉकेल भरपूर होतं. प्राणवायू 16-17 टक्क्यांपर्यंत उतरला की ज्योत विझते. त्या हवेत माणूस अजून उभा राहू शकतो, म्हणून ही जुनी परीक्षा शहाणपणाची. पण ती पुरेशी नाही. काही विषारी वायूंत ज्योत जळत राहते आणि ड्रेनेजच्या चेंबरमध्ये तर मिथेन पेटून स्फोट होईल. तिथं वायू मोजायचं यंत्रच हवं.

तात्या बराच वेळ कंदिलाकडं बघत राहिले. मग त्यांनी गोष्ट सांगितली. शाळू काढायला त्यांचे थोरले चुलते उतरले. हाक मारली तर ओ नाही. धाकटे चुलते त्यांना काढायला उतरले. तेही गेले. "दोगांनला बी एकाच भुतानं न्हेलं, आसंच आमी आईकलंय."

बंदिस्त जागेतल्या अपघातांचा हा घात जगभर सारखाच आहे. आत पडलेल्याला वाचवायला धावलेला दुसराही मरतो. भुताच्या गोष्टीनं पेवाकडं फिरकू नका एवढं बजावलं, ते बरोबरच होतं. पण माणूस आत पडल्यावर काय करायचं नाही, ते तिनं सांगितलं नाही. उतरायचं नाही. उतरणाऱ्याच्या कमरेला आधीच दोर बांधलेला असावा, म्हणजे वरूनच ओढता येतं. तसा दोर नसेल तर मदत येईपर्यंत बाहेरून हवा आत सोडत राहायचं.

"म्हंजे धाकलं वाचलं आसतं?"

"हो, तात्या."

त्यांनी कंदील पुन्हा पेटवला, या वेळी स्वतः सोडला, हळूहळू, दोर हातानं मोजत. साडेचार हातांवर ज्योत गेली. दोर वर घेऊन त्यांनी नेमक्या त्या जागी एक गाठ मारली.