चेकर आणि टू-वे फॉरवर्ड: आइस हॉकीत बचावाची किंमत कशी करावी

व्यावसायिक आइस हॉकीत बचावासाठी नावाजलेले फॉरवर्ड प्रत्यक्षात दोन वेगळ्या प्रकारांत मोडतात. पहिला चेकर: प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम आक्रमक फळीसमोर (एकत्र खेळणाऱ्या तीन फॉरवर्डच्या गटासमोर) उतरून तिला गोल करू न देणे, एवढेच ज्याच्याकडून प्रामुख्याने अपेक्षित असते तो. दुसरा टू-वे फॉरवर्ड: जो तेच काम करतो, पण त्याच वेळी स्वतःच्या संघाच्या आक्रमणाचाही आधार असतो. दोघेही आपल्या गोलकडे धावत परततात, दोघेही पेनल्टी किलमध्ये, म्हणजे शिक्षेमुळे आपला संघ एका खेळाडूने कमी असताना, खेळतात आणि समालोचक दोघांचे कौतुक सारख्याच शब्दांत करतात. त्यामुळे गल्लत स्वाभाविक आहे, परंतु एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजले की दोघांचीही किंमत चुकते.

या गल्लतीला उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगच्या फ्रँक सेल्की करंडकाचाही हातभार लागला आहे. उत्कृष्ट बचावात्मक फॉरवर्डसाठीचा हा पुरस्कार 1978 मध्ये प्रथम दिला गेला आणि पहिली चार वर्षे तो माँट्रियलच्या बॉब गेनीलाच मिळाला. गेनी हा चेकरचा आदर्श नमुना होता. 1160 सामन्यांच्या कारकिर्दीत त्याचे गोल 239, आणि एका हंगामातील सर्वाधिक गोल 23. पुढे 1994 मध्ये हाच करंडक डेट्रॉइटच्या सर्गेई फेडोरोव्हने जिंकला, तेव्हा त्या हंगामात त्याच्या नावावर 56 गोल आणि एकूण 120 गुण (गोल आणि गोलसाठीचे साहाय्य मिळून) होते आणि सर्वांत मौल्यवान खेळाडूचा हार्ट करंडकही त्यालाच मिळाला. अलीकडच्या काळात बोस्टनच्या पॅट्रिस बर्जेरॉनने सहा वेळा, आणि फ्लोरिडाच्या अलेक्झांडर बार्कोव्हने तीन वेळा तो पटकावला; हे दोघेही आपापल्या संघाचे प्रमुख सेंटर, म्हणजे फळीत मधल्या जागी खेळणारे फॉरवर्ड. क्रीडा पत्रकारांच्या मतांवर ठरणारा हा पुरस्कार हळूहळू दुसऱ्या प्रकाराकडे झुकला असून निव्वळ चेकरचे नाव आता त्या यादीत अभावानेच येते.

सोलापुरात बर्फाची रिंक नाही, आणि उन्हाळ्यात पारा 43 अंशांकडे सरकत असताना तिची कल्पनासुद्धा सुखद वाटते. तरीही उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हिवाळ्यात संध्याकाळी सात वाजता सुरू होणारा सामना येथे पहाटे साडेपाचला मोबाइलवर पाहता येतो, आणि अशा नव्या प्रेक्षकाचे लक्ष प्रथम धडका आणि अंगावर झेललेले फटके यांकडेच जाते. येथील प्रेक्षकाला कबड्डीची नजर असते, ती या ठिकाणी उपयोगी पडते. पकडीचा गुण गुणपत्रकावर दिसतो. मात्र ज्या कोपरारक्षकाच्या धाकाने चढाईपटू त्या बाजूला फिरकतच नाही आणि हात हलवत परततो, त्या रक्षकाच्या नावापुढे काहीच लिहिले जात नाही. हॉकीतही धडक किंवा अडवलेला फटका यांची नोंद होते, पण ही दोन्ही कामे पक (खेळाची रबरी चकती) प्रतिस्पर्ध्याकडे असतानाच करावी लागतात. ज्याच्या नावावर असे आकडे डोंगराएवढे साचतात, त्याचा संघ तो बर्फावर असताना बराच वेळ पकविना राहतो, अशी शंका घेण्यास जागा आहे. याउलट पावेल दात्स्युकने 2008 ते 2010 असा सलग तीन वेळा सेल्की करंडक जिंकला आणि 2006 ते 2009 असा सलग चार वेळा सभ्य खेळासाठीचा लेडी बिंग करंडकही जिंकला. त्याचा बचाव अंगावर जाण्याचा नव्हता. प्रतिस्पर्ध्याची स्टिक अलगद उचलून पक काढून घेण्याचा होता.

मग आकड्यांनी मोजायचे तर कोणत्या? लीग 1967-68 च्या हंगामापासून प्लस-मायनसची अधिकृत नोंद ठेवते. खेळाडू बर्फावर असताना त्याच्या संघाने समसमान संख्येत गोल केला तर त्याला एक अधिक, खाल्ला तर एक उणे. दिसायला हे माप सरळ आहे. बचावात्मक फॉरवर्डच्या बाबतीत मात्र ते बरेच फसवे ठरते. पॉवर प्लेवरील, म्हणजे समोरच्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचे गोल त्यात धरले जात नाहीत, त्यामुळे पेनल्टी किलमध्ये गोल खाल्ल्याचा दोष चेकरला लागत नाही, पण त्याच वेळी त्याच्या संघाने गोल केला तर त्याचे श्रेय मात्र त्याला मिळते. सामन्याच्या अखेरीस आघाडी टिकवायला त्याला उतरवले जाते आणि समोरच्याने गोलरक्षक बाहेर काढलेला असला की मोकळ्या जाळीतला गोलही त्याच्या खात्यात अधिक धरला जातो. शिवाय गोल मुळात थोडे होतात. समजा, एखादा फॉरवर्ड बर्फावर असताना हंगामात त्याच्या गोलवर 500 फटके आले. गोलरक्षकाने त्यांतील एक टक्का जास्त अडवले, तर पाच गोलांचा फरक पडतो, आणि तो फरक घडवणारा मनुष्य फॉरवर्ड नसतो.

म्हणून अभ्यासक गोलांऐवजी फटके मोजू लागले. जाळीवर आलेले, बाहेर गेलेले आणि वाटेत अडलेले असे सर्व फटके धरणारे कॉर्सी हे माप त्यातूनच रूढ झाले. बफेलोचे गोलरक्षक-प्रशिक्षक जिम कॉर्सी यांचे नाव त्याला मिळाले. पुढे फटक्याची जागा आणि प्रकार पाहून त्याचा गोल होण्याची शक्यता काढणारी अपेक्षित गोलांची मापे आली. टू-वे फॉरवर्डची किंमत या मापांत चांगली उतरते, कारण त्याचा बचाव मुख्यतः पक ताब्यात ठेवण्यातूनच घडतो. चेकरवर मात्र याच मापांनी अन्याय होऊ शकतो. प्रशिक्षक त्याला मुद्दाम स्वतःच्या बचावक्षेत्रातील फेसऑफसाठी (दोन खेळाडूंमध्ये पक टाकून खेळ पुन्हा सुरू करण्यासाठी) पाठवतो, समोर लीगमधील उत्तम फळी असते आणि सोबतीला कसलेले गोल करणारे नसतात, त्यामुळे तो बर्फावर असतानाच्या एकूण फटक्यांत त्याच्या संघाचे प्रमाण पन्नास टक्क्यांच्या खाली गेले म्हणून तो वाईट ठरत नाही. त्याची तुलना बर्जेरॉनशी न करता, तीच कठीण मिनिटे अन्यथा ज्याला खेळावी लागली असती त्या खेळाडूशी करावी. याच कारणाने, चेकर बाकावर असताना संघाच्या पहिल्या दोन फळ्यांना किती सोपे प्रतिस्पर्धी मिळाले, हेही त्याच्याच हिशेबात धरले पाहिजे, असे माझे मत आहे.

याचे उत्तम उदाहरण 2007 च्या स्टॅन्ले चषकाच्या अंतिम फेरीत दिसले. ऑटावाची सारी मदार स्पेझा, हीटली आणि अल्फ्रेडसन या फळीवर होती. खेळ थांबल्यावर फळी बदलण्याची शेवटची संधी यजमान संघाला मिळते. अनाहाइमने घरच्या पहिल्या दोन सामन्यांत तिचा लाभ घेऊन त्या फळीसमोर सामी पाल्सन, ट्रॅव्हिस मोएन आणि रॉब निडरमायर यांना उतरवले. पहिला सामना 3-2 असा मोएनच्या गोलने, तर दुसरा 1-0 असा पाल्सनच्या गोलने सुटला आणि अनाहाइमने ती फेरी पाच सामन्यांत जिंकली. मोठ्या फळीला रोखण्याचे काम या तिघांकडे गेल्याने गेट्झलाफ आणि पेरी यांच्यासारख्या तरुण आक्रमकांना तुलनेने मोकळीक मिळाली. तरीही पाल्सनच्या जागी फेडोरोव्ह मिळत असता तर कोणत्याही व्यवस्थापकाने तो आनंदाने घेतला असता, हे विसरून चालणार नाही, कारण चांगला टू-वे सेंटर रोखतोही आणि समोरच्या फळीला उलट तिच्याच क्षेत्रात अडकवून ठेवतो. अडचण एवढीच की असे खेळाडू लीगमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात आणि वेतनमर्यादेचा मोठा हिस्सा खातात, तर चांगला चेकर त्यांच्या मानाने थोडक्या पैशांत मिळतो.

पेनल्टी किलचा हिशेब मात्र स्वतंत्रच ठेवावा. तेथे चौघांनी पाचजणांना साधारणतः दोन मिनिटे थोपवायचे असते, पकवर ताबा मिळाला तरी तो टिकवण्यापेक्षा दूर भिरकावणेच शहाणपणाचे असते, आणि एरवी ज्या अडवलेल्या फटक्यांकडे मी संशयाने पाहिले, तेच येथे खरोखर मोलाचे ठरतात.