माटोळीतल्या तोरिंजनावरची हिरवी पूड

चवथ सरली, गणपतीच्या वर टांगलेली फळांची माटोळी उतरवायला घेतली की एखादं तोरिंजन (पपनस) किंवा मोसंबं बोटांखाली मऊ लागतं. मध्ये हिरवी पूड, भोवती पांढरी कड. घरातलं कोणीतरी लगेच "यंदा पूजेत काहीतरी राहिलं" असं पुटपुटतं. राहिलेलं काही नसतं. फळ तोडताना किंवा बांधताना साल खरचटलेली असते आणि भाद्रपदातली गोव्याची हवा दमट असते. पेनिसिलियम डिजिटाटम या बुरशीला तेवढं पुरतं. तिचे बीजाणू हवेत असतातच, पण धड सालीतून ते आत शिरू शकत नाहीत. जखमेतून सुटणारा सालीच्या तेलाचा वास मात्र त्यांना रुजायला चालना देतो.

सेलोटेपचा तुकडा त्या पुडीवर अलगद टेकवा आणि काचपट्टीवर चिकटवा. खाली साध्या पाण्याचा थेंब ठेवलात तर बुडबुडेच दिसतील, कारण बीजाणूंना पाणी चिकटत नाही. आधी स्पिरिटचा थेंब टाका. आता सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पट मोठं करून बघा. बुरशीच्या प्रत्येक देठाच्या टोकाला फाटे, फाट्यांवर बाटलीच्या आकाराच्या पेशी. या पेशींना फियालाइड म्हणतात. पेशीतलं केंद्रक दुभंगतं, एक भाग तोंडाशी सरकतो, त्याभोवती भिंत तयार होते: झाला बीजाणू. मग खालून दुसरा येतो आणि पहिल्याला वर ढकलतो. म्हणजे माळेत सगळ्यात म्हातारा बीजाणू टोकाला आणि आत्ताच जन्मलेला बुडाशी! एकेकाची लांबी साधारण ६ ते ८ मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या रांगेत शंभरावर सहज मावतात.

पांढऱ्या कडेत बीजाणू नसतात, नुसते कवकतंतू, म्हणजे बुरशीचे धागे. ते फक्त टोकाशी वाढतात. टोकातून सायट्रिक आम्ल आणि विकरं (एन्झाइम) बाहेर सोडतात; फळाच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन विरघळतं आणि तयार झालेला रस तंतू शोषून घेतात. जेवणाआधीच पचन! फळ मऊ पडतं ते यामुळे. पूड दिसेपर्यंत तंतू आत खोल गेलेले असतात, तेव्हा डाग कापून उरलेलं खाण्यात अर्थ नाही.

नाव पेनिसिलियम, म्हणून "हे तर औषधच" असं सांगणारेही भेटतात. कूळ एक, जात वेगळी. पेनिसिलिन या औषधाच्या मोठ्या उत्पादनासाठी निवडलेला वाण १९४३ साली अमेरिकेतल्या पिओरिया शहरात एका खरबुजावर सापडला होता. तोरिंजनावरची पूड चाटून सर्दी जाणार नाही. सर्दी विषाणूंमुळे होते, तिच्यापुढे खरं पेनिसिलिनही निरुपयोगी.