पामुक्कालेचा डोंगर मिठाचा नाही

तुर्कस्तान फिरून आल्यावर पामुक्काले या पांढऱ्याशुभ्र डोंगराचे फोटो ग्रुपवर टाकले आणि लगेच पहिला रिप्लाय, "वा, मिठाचा डोंगर!" दुसऱ्याने विचारलं, एवढ्या बर्फात अनवाणी कसा उभा राहिलास? तिसरा म्हणाला त्यात काय एवढं, गरम पाण्याची वाफ होते आणि खाली क्षार उरतात. हे तिसरं उत्तर इतकं पटण्यासारखं आहे की बरेच लोक तेच धरून चालतात, म्हणून हा लेख.

तुर्कस्तानात बघण्यासारखं इतकं आहे की पंधरा दिवसही कमी पडतात. इस्तंबूलची आयासोफिया आहे, ज्वालामुखीच्या राखेच्या खडकातून कोरलेलं कप्पादोकिया आहे, आणि एफेसस, जे एकेकाळी भरभराटीचं बंदर होतं पण नदीच्या गाळाने समुद्रच दूर ढकलला. पण मला विचाराल तर एकच जागा निवडायची झाली तर पामुक्काले, कारण इथे इतिहास आणि निसर्ग एकाच पाण्यातून निघालेत. जवळपास 200 मीटर उंच कडा, त्यावरून उतरणारी पांढरीशुभ्र कुंडं आणि माथ्यावर हिएरापोलिस हे जुनं ग्रीक-रोमन शहर. नावाचा अर्थच कापसाचा किल्ला. दोन्ही मिळून 1988 पासून जागतिक वारसा स्थळ आहे.

आता पाण्याकडे येऊ. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकल्याचं आठवतंय का? निवळी दुधाळ होते, इथपर्यंत सगळ्यांना आठवतं, पण फुंकत राहिलं की ती परत स्वच्छ होते हे बरेच जण विसरतात, आणि पामुक्कालेची सगळी किल्ली तिथेच आहे. आधी तयार होतं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही म्हणून पाणी दुधाळ दिसतं. अजून कार्बन डायऑक्साइड मिळाला की त्याचं कॅल्शियम बायकार्बोनेट होतं आणि ते मात्र छान विरघळतं.

जमिनीखाली हेच होतं, फक्त प्रचंड प्रमाणात. हा भाग भूकंपाच्या भेगांवर बसलाय, खोलवर पाणी तापतं, तिथे कार्बन डायऑक्साइड भरपूर आणि दाबही भरपूर, त्यामुळे वायू पाण्यात कोंबला जातो आणि ते आम्लधर्मी पाणी वाटेतली चुनखडी खात खात वर येतं. मुख्य झऱ्याचं पाणी साधारण 35 अंश, हाताला कोमट. वर आल्यावर दाब गेला, म्हणजे सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडलं. वायू निघून जातो, पीएच चढतो म्हणजे पाण्याचा आम्लपणा कमी होत जातो, पाण्यात मावेल त्यापेक्षा जास्त चुनखडी होते आणि विरघळलेली चुनखडी परत दगड व्हायला लागते. म्हणजे शाळेत फुंकून जे केलं त्याच्या बरोबर उलटं. या दगडाला ट्रॅव्हर्टाइन म्हणतात. वायू सुटायला थोडा वेळ लागतो म्हणून झऱ्याच्या अगदी तोंडाशी दगड फारसा जमत नाही, जमायला सुरुवात होते थोडं पुढे गेल्यावर.

आणि वाफेचा मुद्दा इथेच निकालात निघतो. बाष्पीभवनाने क्षार उरत असते तर जास्त थर कुंडाच्या मधे जमला असता, जिथे पाणी पसरून उभं असतं. प्रत्यक्षात दगड सगळ्यात भरभर वाढतो तो कुंडाच्या काठावर, जिथे पाणी नुसतं ओलांडून जातं. काठावरून जाताना पाण्याचा थर पातळ होतो, वेग वाढतो, ते खळबळतं, म्हणून वायू तिथेच जास्त सुटतो आणि दगडही तिथेच जास्त बसतो. काठ उंच झाला की मागे पाणी साठतं, कुंड खोल होतं, पाणी परत त्याच काठावरून पातळ होऊन उतरतं आणि काठ अजून उंच होतो. कुणी बांध घातला नाही, कुणी आखणी केली नाही, उतारावरचा एखादा छोटा उंचवटा पुरतो आणि पुढचं पाणी स्वतःच करतं. वाकून बघितलं तर मोठ्या कुंडाच्या उतारावर बोटाच्या पेरापेक्षा लहान कुंडं दिसतात, त्यांनाही तसेच काठ, आणि पायाखाली ते वळ कंगव्यासारखे टोचतात. कुंडाच्या तळाशी मात्र मऊ लोण्यासारखा पांढरा गाळ असतो, अजून दगड न झालेला.

पाण्यातून सुटलेला आणि भेगांमधून थेट वर येणारा हाच वायू हिएरापोलिसमध्ये देव झाला होता. तिथे प्लुटोनियन नावाची जागा आहे, पाताळाच्या देवाचं दार. सुमारे 2000 वर्षांपूर्वी स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराने लिहून ठेवलंय की आत नेलेले बैल मरून पडायचे, त्याने स्वतः चिमण्या सोडल्या त्याही मेल्या, पण सिबेली देवीचे पुजारी जिवंत बाहेर यायचे. लोकांना हा चमत्कार वाटणारच. पण हा वायू हवेपेक्षा दीडपट जड, जमिनीलगत तळ्यासारखा साचतो. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत गुहेच्या तोंडाशी उंचीनुसार 4 ते 53 टक्के आणि आत 91 टक्क्यांपर्यंत कार्बन डायऑक्साइड सापडला, आपल्या साध्या हवेत तो 0.04 टक्के असतो. जनावराचं नाक खाली, माणसाचं वर. स्ट्रॅबोने तर पुजारी श्वास रोखून धरतात आणि त्यांचे चेहरे गुदमरल्यासारखे दिसतात हेही टिपलंय, म्हणजे तेव्हाही डोळे उघडे ठेवून बघणारा माणूस होता. आज देवाच्या जागी क्लिओपात्रा आलीय. वरच्या तलावात तिने आंघोळ केली म्हणून त्वचा तरुण होते असं सांगतात, त्याला पुरावा काही नाही. तरी त्या तलावात जरूर उतरा, भूकंपात पडलेले संगमरवरी खांब पाण्याखाली आहेत आणि अंगावर जे बुडबुडे चिकटतात ते तोच कार्बन डायऑक्साइड.

बरेच जण तक्रार करतात की फोटोत कुंडं भरलेली होती, आम्ही गेलो तर अर्धी कोरडी. ते मुद्दाम केलेलं असतं. एकेकाळी माथ्यावर हॉटेलं होती, उतारावरून रस्ता होता, त्याने खूप नुकसान झालं. मग हॉटेलं पाडली, रस्ता बंद केला, आणि आता पाणी पाळीपाळीने सोडतात, कारण सतत ओल्या राहिलेल्या भागावर शेवाळ धरतं आणि पांढरा रंग जातो. बूटही त्यासाठीच काढायला लावतात.

माथ्यावर फिरताना खाली बघत चाला. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने लिहिलंय की इथले लोक बागा आणि द्राक्षमळ्यांभोवती या पाण्याचे चर काढायचे आणि वर्षभरात चराचा दगडी बांध व्हायचा. तशा भिंती अजून सापडतात, आणि त्यांच्या माथ्यावर हात फिरवला की मधोमध अरुंद खाच लागते, पाणी तळाशी दगड जमवत स्वतःला उचलत उचलत वर गेलं, त्या वाटेची.