एक वर्ष बाकावर: छोट्या कॉलेजातले बास्केटबॉलपटू मोठ्या कॉलेजात कसे जायला लागले

५ एप्रिल २०२५, टेक्सासमधलं सॅन अँटोनियो. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलची सेमीफायनल, फ्लोरिडा विरुद्ध ऑबर्न. फ्लोरिडाच्या वॉल्टर क्लेटन ज्युनियरने एकट्याने ३४ पॉइंट ठोकले आणि समोर ऑबर्नची सगळी भिस्त होती जॉनी ब्रूमवर. फ्लोरिडा जिंकली, दोन दिवसांनी फायनलमध्ये ह्यूस्टनला ६५-६३ हरवून ट्रॉफीही घेऊन गेली. आता गंमत बघा, क्लेटन आधी दोन वर्षं आयोना नावाच्या न्यूयॉर्कजवळच्या छोट्या कॉलेजात खेळला होता, ब्रूम केंटकीतल्या मोरहेड स्टेटमधून आलेला, फ्लोरिडाचाच विल रिचर्ड नॅशव्हिलच्या बेलमाँटचा आणि अलाइजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकचा. म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या मॅचमध्ये कोर्टवर जे चमकत होते त्यातल्या बऱ्याच जणांना कुठल्यातरी छोट्या कॉलेजच्या कोचने शोधलं आणि घडवलं होतं, ट्रॉफी मात्र तिसऱ्याच्याच कपाटात.

हे असं का झालं, यावर ठरलेलं उत्तर असतं, पैसा आला आणि पोरं पळाली. अर्धं खरं आहे ते. पण पैसा शेवटी आला, त्याच्या आधी कुलूप उघडलं होतं, आणि ते कुलूप मुळात होतं कसलं हे बघितल्याशिवाय पुढचं काही कळत नाही.

आधी थोडी मांडणी, कारण आपल्याकडे कॉलेजचा खेळ म्हणजे इंटर-युनिव्हर्सिटी आणि स्पोर्ट्स कोट्याचे मार्क, त्यामुळे तिकडचा पसारा डोळ्यासमोर येत नाही. एनसीएए ही कॉलेज खेळांची देशव्यापी संस्था, १९०६ पासूनची. तिच्या वरच्या थराला डिव्हिजन वन म्हणतात आणि त्यात पुरुषांच्या बास्केटबॉलच्या साडेतीनशेच्या वर टीम. ही कॉलेजं आपापसात खेळणाऱ्या गटांत विभागलेली, त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. त्यातल्या मोठ्या कॉन्फरन्समधल्या कॉलेजांकडे फुटबॉलच्या टीव्ही हक्कांचा पैसा, हजारोंची स्टेडियमं, स्वतःपुरती विमानं भाड्याने घेऊन फिरणाऱ्या टीम. उरलेल्यांना मिड-मेजर म्हणायचं, हे खरं तर गोड बोलणं आहे, त्यातली कित्येक कॉलेजं बसने प्रवास करतात. मार्चमध्ये ६८ टीमची बाद फेरीची स्पर्धा होते तिला मार्च मॅडनेस म्हणतात आणि तिची सगळी मजा कुठलं तरी न ऐकलेलं कॉलेज येऊन एखाद्या दादा टीमला लोळवतं यातच आहे, निदान होती.

मूळ अडचण अशी की स्कॉलरशिप सतरा-अठराव्या वर्षी ठरते आणि त्या वयात कोण पुढे किती वाढेल हे कुणालाच सांगता येत नाही. डाल्टन नेक्टचं बघा. शाळा संपल्यावर मोठ्या कॉलेजांनी ढुंकून पाहिलं नाही म्हणून हा कोलोरॅडोतल्या स्टर्लिंग गावच्या ज्युनियर कॉलेजात गेला, तिथून नॉर्दर्न कोलोरॅडो, आणि शेवटच्या वर्षी २०२३-२४ ला टेनेसी हे मोठं कॉलेज. तिथे एका सीझनमध्ये एसईसी कॉन्फरन्सचा प्लेअर ऑफ द इयर झाला आणि २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए या प्रोफेशनल लीगच्या टीम नवे खेळाडू निवडतात तिथे, लेकर्सनी त्याला १७ व्या नंबरवर उचललं. असा उशिरा उमलणारा खेळाडू काय आज निघालेला नाही, पूर्वीही असायचाच, पण त्याला वर चढायचा जिना परवडायचा नाही.

कारण जुना नियम असा होता की कॉलेज बदललंस तर नव्या कॉलेजात एक वर्ष बाहेर बसायचं. प्रॅक्टिस कर, अभ्यास कर, पण मॅच नाही. सांगायचं कारण अभ्यासाचं, की कॉलेज बदललं की मुलाचे क्रेडिट बुडतात, त्याला रुळायला वेळ हवा. ऐकायला बरं वाटतं, पण मग हा नियम टेनिस किंवा पोहण्याला का नव्हता? बाकी बहुतेक खेळांत मुलांना एकदा कॉलेज बदलून लगेच खेळायची मुभा होती, ती नव्हती फक्त पाच खेळांत: फुटबॉल, पुरुषांचं बास्केटबॉल, महिलांचं बास्केटबॉल, बेसबॉल आणि पुरुषांची आइस हॉकी. अभ्यासात रुळायला वेळ नेमका जिथे पैसा फिरतो तिथल्याच पोरांना लागतो असं म्हणायचं का? नियमाचं खरं काम होतं एकमेकांची पोरं पळवायची नाहीत हा कॉलेजांमधला करार टिकवणं. आणि वर दुसरं कुलूप म्हणजे परवानगी. नव्या कॉलेजच्या कोचशी नुसतं बोलायलासुद्धा जुन्या कॉलेजची परवानगी लागायची, ती नाकारली तर तिथे स्कॉलरशिप मिळायची नाही. आपल्याकडे रणजीत राज्य बदलायला असोसिएशनची एनओसी लागते ना, तसंच काहीसं, फक्त इथे एनओसी देणारा तोच कोच ज्याला तुम्ही सोडून चाललायत. आणि तो स्वतः? तो पाच वर्षांचा करार मोडून मोठ्या कॉलेजात गेला तर दुसऱ्या दिवशी कामावर हजर, त्याला कोण बसवतं बाकावर.

तरी लोक जायचे. पण गंमत म्हणजे जुन्या काळातला सगळ्यात गाजलेला माणूस उलट दिशेने गेला. लॅरी बर्ड १९७४ मध्ये बॉबी नाइटच्या इंडियाना युनिव्हर्सिटीत दाखल झाला, महिनाभरही टिकला नाही, गावी फ्रेंच लिकला परत आला आणि पुढच्या वर्षी इंडियाना स्टेट या तुलनेने लहान कॉलेजात गेला, १९७५-७६ चा सीझन बाहेर बसून काढला आणि १९७९ ला त्याच टीमला थेट फायनलपर्यंत नेलं, समोर मॅजिक जॉन्सन. असं आज कुणी करेल का, मला नाही वाटत.

या नियमाची किंमत बघायची असेल तर करी भावांकडे बघा. स्टीफन करी डेव्हिडसन या छोट्या कॉलेजात, २००८ ला गोंझागा, जॉर्जटाउन, विस्कॉन्सिन यांना हरवत टीमला शेवटच्या आठात घेऊन गेला आणि तिथे कॅन्ससकडून फक्त दोन पॉइंटनी हरला, ५९-५७. त्यानंतर तो आणखी एक वर्ष डेव्हिडसनलाच राहिला आणि मग २००९ ला एनबीएत गेला. धाकटा सेथ त्याच सुमारास व्हर्जिनियातल्या लिबर्टीमध्ये होता, २००८-०९ ला मॅचमागे २०.२ पॉइंट, देशातल्या पहिल्या वर्षाच्या मुलांत सगळ्यात जास्त. तो ड्यूक या मोठ्या कॉलेजला गेला. आणि २००९-१० चं आख्खं वर्ष बाकावर. नेमकं त्याच वर्षी ड्यूक चॅम्पियन झालं, बटलरला ६१-५९ हरवून. त्या फायनलचा शेवटचा सेकंद अजून दाखवतात, बटलरच्या गॉर्डन हेवर्डने अर्ध्या कोर्टवरून फेकलेला बॉल रिंगला लागून बाहेर आला तो. बटलर म्हणजे इंडियानापोलिसचं लहान कॉलेज, हेवर्ड तिथलाच स्थानिक पोरगा, दोन वर्षं तिथेच खेळलेला. पोरं जागची हलत नव्हती म्हणून असली फायनल होऊ शकली, हे मान्य करावंच लागतं, आणि मला तो खेळ आवडायचा हेही कबूल करतो. पण हलत नव्हती ती प्रेमापोटी की नियमापोटी हे आपण कधी विचारलंच नाही.

डंकन रॉबिन्सनचं आणखी एक. हा तर विल्यम्स नावाच्या डिव्हिजन थ्री कॉलेजातला, जिथे खेळाची स्कॉलरशिपच नसते. तिथला कोच दुसरीकडे गेला, हा २०१४ ला मिशिगनला आला, वर्षभर बसला, २०१८ ला फायनल खेळला, ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही आणि तरी एनबीएतल्या मायामी हीटकडून वर्षानुवर्षं थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटचे बास्केट, मारत राहिला. वाट होती, पण तिचा टोल म्हणजे आयुष्यातलं एक वर्ष.

मग कुलपं एकेक करून गेली. आधी फट पडली ती ग्रॅज्युएट झालेल्यांसाठी: डिग्री पूर्ण झाली आणि खेळायचं एखादं वर्ष शिल्लक असेल तर ते दुसरीकडे न बसता खेळता येईल. छोट्या कॉलेजच्या कोचवर तेव्हाच विचित्र पाळी आली, पोरगा अभ्यासात हुशार असेल आणि वेळेत पास झाला तर तो जाणार. १५ ऑक्टोबर २०१८ ला ट्रान्सफर पोर्टल सुरू झालं. पोर्टल म्हणजे मुळात एक साधा डेटाबेस. खेळाडूने कॉलेजला सांगायचं की माझं नाव टाका, कॉलेजने दोन कामाच्या दिवसांत टाकायचं, आणि मग कुणीही कोच त्याच्याशी बोलू शकतो. परवानगीचा विषय संपला. पण वर्षभर बसणं होतंच, सुटका हवी असेल तर अर्ज करा, आणि त्या अर्जांचे निकाल कसे लागायचे ते देव जाणे.

मग आला कोविड. २०२०-२१ चा सीझन कुणाच्याच हिशोबात धरायचा नाही असं ठरलं, म्हणजे सगळ्यांना एक वर्ष फुकट वाढवून मिळालं, मोठ्या कॉलेजांना २३-२४ वर्षांचे तयार गडी घ्यायची चटक लागली ती इथून. एप्रिल २०२१ मध्ये एनसीएएने त्या पाच खेळांनाही एकदा न बसता कॉलेज बदलायची परवानगी दिली. जूनमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने अॅल्स्टन खटल्यात, म्हणजे खेळाडूंना मिळणाऱ्या शिक्षणाशी जोडलेल्या लाभांवर एनसीएएने घातलेल्या मर्यादांच्या खटल्यात, ९-० ने एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. आणि १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचे, चेहऱ्याचे पैसे घ्यायची मोकळीक, ज्याला एनआयएल म्हणतात. त्याच्याही मागे मोठा इतिहास आहे, यूसीएलएच्या एड ओ'बॅननने २००९ ला केस टाकली होती की व्हिडिओ गेममध्ये माझ्यासारखा दिसणारा खेळाडू विकता आणि मला एक पैसा देत नाही, आणि कॅलिफोर्नियाने २०१९ ला स्वतःचा कायदा करून एनसीएएला कोपऱ्यात ढकललं होतं. पण नीट बघितलं तर दार उघडणं आणि दाराबाहेर पैसे घेऊन माणसं उभी राहणं यात जेमतेम अडीच महिन्यांचं अंतर. कुणी ठरवून केलं असतं तर इतकं अंगाशी आलं नसतं. कागदावर एनआयएल म्हणजे जाहिरातीचे पैसे, प्रत्यक्षात माजी विद्यार्थी आणि धनाढ्य फॅन मंडळींनी फंड उभे केले आणि चांगल्या खेळाडूला आमच्याकडे ये म्हणून बोली लागायला लागली.

याचा पहिला ठळक झटका न्यू जर्सीत बघायला मिळाला. जर्सी सिटीत राहणाऱ्या मराठी मंडळींना सेंट पीटर्स नक्की माहीत असेल, जर्नल स्क्वेअरच्या पलीकडे, न्यूअर्क अव्हेन्यूवरच्या इंडिया स्क्वेअरपासून फार लांब नाही, लहानसं जेझुइट कॉलेज, टीमचं नाव पीकॉक्स म्हणजे मोर. मार्च २०२२ मध्ये या मोरांनी केंटकी या दादा टीमला ओव्हरटाइममध्ये ८५-७९ हरवलं, मग मरे स्टेट, मग पर्ड्यू, आणि शेवटच्या आठात पोचणारी इतिहासातली पहिली १५ वी मानांकित (गटातल्या १६ मानांकनांपैकी) टीम ठरली. डग एडर्ट नावाचा मिशीवाला पोरगा एका आठवड्यात देशभर प्रसिद्ध झाला, चिकन विंग्जवाल्यांची जाहिरातही मिळाली त्याला. २७ मार्चला नॉर्थ कॅरोलिनाकडून हरले. तीन दिवसांत कोच शाहीन हॉलोवे सीटन हॉलला, म्हणजे त्याच्याच जुन्या कॉलेजला, आणि मागोमाग जवळजवळ आख्खी टीम बाहेर. लोक हे विसरतात की यातलं कुणी केंटकीला वगैरे गेलं नाही, एडर्ट ब्रायंटला, डॅरिल बँक्स सेंट बोनाव्हेंचरला, ड्रामे जुळे भाऊ लासॅलला, एकटा एनडेफो कोचमागे सीटन हॉलला. म्हणजे एकेक पायरीच वर, काही तर तेवढ्याच उंचीवर. टीम मोडायला मोठा सावकारच लागतो असं नाही.

पुढची कुलपं कोर्टाने तोडली. रेक्वान बॅटल नावाचा खेळाडू आधी वॉशिंग्टन, मग मोंटाना स्टेट, मग वेस्ट व्हर्जिनिया असा फिरला, दुसऱ्यांदा बदललं म्हणून एनसीएएने २०२३-२४ ला बसवलं. डिसेंबर २०२३ मध्ये ओहायोसह सात राज्यांनी केस टाकली, वेस्ट व्हर्जिनियातल्या फेडरल जजने नियमाला तात्पुरती स्थगिती दिली, आणि एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएनेच शस्त्रं खाली ठेवली: अभ्यासात बरा असाल तर कितीही वेळा बदला. जून २०२५ ला हाउस खटल्याची, म्हणजे खेळाडूंनी पैशांसाठी एनसीएएवर टाकलेल्या केसची, तडजोड मंजूर झाली, आता कॉलेज स्वतःच खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी सगळे खेळ मिळून २.०५ कोटी डॉलरपर्यंत. छोट्या कॉलेजाने त्यातला कितवा हिस्सा आणायचा कुठून?

परिणाम कोर्टवर दिसायला वेळ लागला नाही. २०२५ च्या शेवटच्या सोळात सोळाच्या सोळा टीम मोठ्या कॉन्फरन्सच्या, एसईसीच्या ७, बिग टेन आणि बिग ट्वेल्व्हच्या ४-४, एसीसीची १. छोटे कोचही मग खाली हात घालायला लागले, डिव्हिजन टू मधून पोरं आणतात. मिशिगनच्या ओकलंड युनिव्हर्सिटीचा जॅक गोल्की हिल्सडेल या डिव्हिजन टू कॉलेजातून आलेला, त्याने २०२४ ला दहा थ्री मारून केंटकीला घरी पाठवलं. बिचारी केंटकी.

आणि काही जण गेलेच नाहीत. डेट्रॉइट मर्सीचा अँटॉइन डेव्हिस २०२२ ला पोर्टलमध्ये गेला होता, मग परत आला, वडील माइक डेव्हिसच तेव्हा तिथले कोच होते. कोविडच्या जादा वर्षामुळे पाच सीझन खेळला आणि ३,६६४ पॉइंटवर थांबला, पीट मॅराविचचा १९७० पासूनचा ३,६६७ चा विक्रम तीन पॉइंटने राहिला. शेवटच्या मॅचमध्ये यंग्सटाउन स्टेटविरुद्ध २२ केले, टीम हरली, त्यानंतर कुठल्याही स्पर्धेचं बोलावणं आलं नाही. तो गेल्यावर पुढच्या सीझनला डेट्रॉइट मर्सी ३२ मॅच खेळली आणि एक जिंकली.