सहलीचे आगाऊ पैसे: कंपनी बुडाली की प्रवासी रांगेत कुठे?

मे महिन्यातल्या युरोप सहलीचं बुकिंग पुण्यात बऱ्याच घरी दिवाळीच्या आसपास होतं. आधी बुकिंगची रक्कम, मग व्हिसाच्या वेळचा हप्ता, निघण्याआधी उरलेले सगळे. हे पैसे कंपनीच्या रोजच्या खात्यात जमा होतात आणि आधीच्या सहलींची हॉटेलबिलं, पगार यांतही खर्च होऊ शकतात, कारण ते वेगळे ठेवण्याची सक्ती आपल्याकडे नाही. ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता बघून निर्धास्त होऊ नये, त्यासाठी एजंटाने दिलेली हमी विमान कंपन्यांचे पैसे बुडू नयेत म्हणून असते.

ब्रिटनला हा धडा ऑगस्ट १९७४ मध्ये मिळाला. ऐन हंगामात कोर्ट लाइन आणि तिच्या मालकीची क्लार्कसन्स ही सहल कंपनी कोसळली, हजारो लोक परदेशात अडकले. पुढच्याच वर्षी प्रवाशांसाठी राखीव निधीचा कायदा झाला. १९९० मध्ये युरोपीय समुदायाने पॅकेज सहलींसाठी अशी हमी बंधनकारक केली. म्हणूनच सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रिटनची थॉमस कुक बुडाली तेव्हा सुमारे दीड लाख प्रवाशांना सरकारी यंत्रणेने घरी आणलं. (भारतातली थॉमस कुक २०१२ पासूनच वेगळ्या मालकीची, ती चालूच राहिली.)

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे कॉक्स अँड किंग्ज या सहल कंपनीचं दिवाळखोरीचं प्रकरण कंपनी कायदा न्यायाधिकरणाने दाखल करून घेतलं. इथे प्रवाशांसाठी निधी नव्हता, होती फक्त २०१६ ची दिवाळखोरी संहिता. तिच्या कलम १४ नुसार स्थगिती लागली की कंपनीविरुद्धचे ग्राहक आयोगातले दावेही थांबतात. कंपनी मोडीत काढून मालमत्ता विकायची वेळ आली तर पैसेवाटपाची कलम ५३ ची उतरंड: आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारणवाल्या बँका, इतर कर्मचारी, विनातारण कर्ज देणारे, सरकारी देणी; प्रवासी त्यानंतर ‘उरलेल्या देण्यां’त. तिथवर बहुधा काही उरत नाही. घर घेणाऱ्यांना २०१८ मध्ये वित्तीय धनकोंचा (बँकांसारख्या कर्ज देणाऱ्यांचा) दर्जा आणि धनकोंच्या समितीत मताचा हक्क मिळाला, सहलवाल्यांना नाही. आगाऊ रक्कम देणाराही ऑपरेशनल क्रेडिटर (माल-सेवेच्या व्यवहारातला धनको) ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केलं, पण तेवढ्याने उतरंडीतली पायरी बदलत नाही.

तरी दिवाळखोरी प्रक्रियेत आपल्या पैशांचा दावा टाकावाच. जाहीर सूचनेतली मुदत साधारण १४ दिवसांचीच असते. पावत्या, बँकेचं स्टेटमेंट, प्रवासाचा कार्यक्रम जोडावा. कार्डाने पैसे भरले असतील तर त्याआधी बँकेकडे चार्जबॅक (कार्डाचा व्यवहार उलटवून पैसे परत) मागावा, कारण ते पैसे या उतरंडीतून यावे लागत नाहीत; रोख किंवा एनईएफटीला ही सोय नाही. परदेशी पॅकेजवर कंपनीने तुमच्याकडून घेतलेला टीसीएस (विक्रीच्या वेळी वसूल होणारा आयकर) मात्र कंपनीने सरकारजमा केला असेल तर तुमच्या पॅनवर, आयकर खात्याच्या २६एएस पत्रकात दिसतो. विवरणपत्रात तो मागता येतो.